दोन फडकी, एक वर एक खाली

आय, चार दिवस रजा काढून आपल्या दांडी गावी आले आहे. ओटीवर बसून लिहिते आहे. शेजारी बाबा खुर्चीत डुलक्या घेतायत, अंगणात बोंबील वाळतायत, आणि मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या महिन्यात आमची चिप चालली. पडद्यावर ती चालताना बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मात्र तिथे तू दिसत होतीस. तू जाऊन बावीस वर्षं झाली, शाळेचं तोंड तू कधी पाहिलं नाहीस, आणि तरी त्या चिपमध्ये जे आहे ते आधी तुझ्या हातात होतं.

चिप म्हणजे नखाएवढा तुकडा. आत केसाहून बारीक तारा, आणि त्यांच्यातून डोळ्याचं पातं लवायच्या आत कोट्यवधी वेळा फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढंच धाडायचं असतं. व्होल्टेज वर गेलं की होय, खाली आलं की नाही. गोची अशी की शेजारच्या तारा सारख्या गोंगाट करतात आणि त्या गोंगाटात होयचं नाही होऊन बसतं. मग व्होल्टेज वाढवा, मोठ्याने बोला. पण मोठ्याने बोललं की वीज भरमसाट जाते, चिप तापते, बॅटरी बसते. हळू बोलावं तर पलीकडच्याला कळत नाही. माझी नोकरी आणि माझे पांढरे केस, दोन्ही या ओढाताणीतलेच.

तुझी ओढाताणही हीच होती. पावसाळा सरला की खाडीच्या तोंडाशी पाण्याखालची वाळू जागा बदलायची. बांधावरून वाट दिसायची, होडीतून दिसायची नाही. तू बांधावर उभी राहून फडकं वर केलंस की बाबांनी यायचं, खाली धरलंस की थांबायचं. पण वारा सुटला की फडकं वर आहे की वाऱ्याने उडालंय ते बाबांना कळेना, आणि होडी बाहेरच घिरट्या घालत राही. गावातले शहाणे म्हणाले, फडकं मोठं कर, लांब बांबू घे. तू घेतलास. वाऱ्याने बांबूसकट तुला ओढलं आणि संध्याकाळी तुझा खांदा वर होईना. दुसऱ्या दिवशी तू लुगड्याचं एक जुनेर फाडून दोन लहान फडकी केलीस. एक तुझ्या हाती, दुसरं तीस पावलांवर उभ्या आत्याच्या हाती. तुझं वर, तिचं खाली म्हणजे या. तिचं वर, तुझं खाली म्हणजे थांबा. होडी नीट आत वळली की दोघींनी फडकी खाली टाकायची आणि मासळीच्या पाट्या घेऊन निघायचं.

"वारा दोघींना सारकाच लागतो," तू बाबांना म्हणालीस. "किती वर हाय ते नका बगू. कोनतं वर हाय तेवडं बगा."

आत्या लग्न होऊन सातपाटीला गेली आणि तिचं फडकं माझ्याकडे आलं. मी जोशात हात पार आभाळापर्यंत ताणायची, तेव्हा तू लांबून हसायचीस. "अगो, आज वारा नाय. खांद्यापरेंत पुरे. दमलीस तर मंग धुक्यात काय करशील?" वारा बघून हात उचलायचा, जास्त नाही, कमी नाही. हे तुला कोणी शिकवलं, आय? इंजिनीअरिंगला असताना सरांनी फळ्यावर दोन तारा काढल्या, एक वर जाणारी, एक खाली येणारी, आणि म्हणाले की गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो, म्हणून फक्त फरक बघायचा. अख्खा वर्ग वहीत उतरवत होता. माझं पेन थांबलं होतं. मोठमोठ्या लोकांनी गणितं मांडून जिथे पाऊल टाकलं, तिथे तू लुगडं फाडून आधीच उभी होतीस.

आमच्या चिपमध्येही दोन तारा आहेत. भर एवढीच, की ती आधी गोंगाट मोजते आणि मग लागेल तेवढाच हात उचलते. मीटिंगमध्ये मी हे मांडलं तेव्हा साहेबांनी विचारलं, कुठे वाचलंस? मी म्हणाले, असंच सुचलं. म्हणजे तेव्हाही मी फडकं लपवलंच.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. मी बोईसरच्या शाळेत नववीला होते. वाळू सरकली होती, तुझं फडकं खाली, माझं वर, होडी बाहेर थांबलेली. तेवढ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी वडिलांच्या स्कूटरवरून समुद्र बघायला आली. साहेबाची पोर, इस्त्रीचा फ्रॉक. माझ्या हातातल्या फडक्याला सुक्या मासळीचा वास होता. मी ते पाठीमागे घेतलं. क्षणभरच. बाबांना दोन्ही फडकी खाली दिसली, दोन्ही खाली म्हणजे आमचं काम संपलं, वाट मोकळी झाली, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी होडी आत घातली. तू ओरडलीस, पण वाऱ्यापुढे ओरडणं पोचतंय कुठे? होडी वाळूवर चढून कलंडली आणि बाबांचा डावा गुडघा तिच्याखाली आला.

लोक धावून आले. बाबांना उचलून आणताना तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आज आमी जागा बदललेली. वरचं फडकं माज्या हाती होतं, माजा हात चुकला. दमलेली मी." जिचा हात वारा बघून उठायचा, ती दमली? गाव पुढे कितीतरी वर्षं तुझी थट्टा करत राहिलं, बायकोच्या हातावर होडी चालवली की असंच व्हायचं. तू ऐकून घेतलंस. मला एका शब्दाने बोलली नाहीस. मला वाटत राहिलं, तुला दिसलंच नसेल. पण आठवड्याने तू मला नवीन फडकं दिलंस. तुझ्या पेटीतल्या एकुलत्या एका चांगल्या हिरव्या साडीचा पदर कापून केलेलं, साबणाने धुतलेलं, घडी घातलेलं. तुला दिसलं होतं, आय. आणि तू रागावण्याऐवजी माझी लाज धुऊन दिलीस.

हे लिहिता लिहिता बाबा जागे झाले. गुडघा चोळत म्हणाले, "त्या दिसी तुज्या आयचा हात कसा काय दमला, मला अजून कलत नाय."

मी सांगायला तोंड उघडलं. हिरवं फडकं पिशवीतच आहे, तेही दाखवणार होते.

"असेल दमली," मी म्हणाले.