कपाटभर वाफेचा बंदोबस्त

फुनाबोरी, टोक्यो
१६ जून २०१९

तीर्थस्वरूप भावोजींना,
चंद्रहासचा सा. न. वि. वि.

ताई म्हणाली, फोनवर तीन वाक्यं बोललात की तुम्हाला खोकल्याची उबळ येते, तेव्हा यापुढे पत्रंच लिहीत जा. म्हणून हा कागद. आम्ही तिघं मजेत. आर्या मराठीतल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. भांडते मात्र शुद्ध मराठीत, त्यामुळे विभा खूश आहे.

बँकेचं इथलं पोस्टिंग जानेवारीत संपतं. मग मुंबई. मला काळजी एकच. दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली ती या वेपच्या आधारावर, आणि आता तिकडे ई-सिगारेटवर बंदी येणार अशा बातम्या आहेत. कायदा व्हायच्या आत बंदोबस्त करावा म्हणून मी साठा सुरू केलाय. निकोटीनचा द्रव इथल्या दुकानात मिळत नाही, परदेशातून महिन्यापुरताच मागवता येतो. त्याचं पुढे पाहू. पण यंत्रांना मर्यादा नाही. आजवर चार यंत्रं, दहा बॅटऱ्या, काचेच्या सहा टाक्या, रबरी कड्यांची पाकिटं आणि साठ कॉइली जमल्या. कॉइल म्हणजे द्रव तापवणारी तार. ती दहा-बारा दिवसांत जळते, की नवी लावायची. गाद्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा भरला. भूकंपासाठी दारापाशी पिशवी तयार ठेवतात ना इथे सगळे, त्यातही एक यंत्र टाकून ठेवलंय. दर रविवारी टाक्या कोमट पाण्यात धुतो, कड्या पुसतो. विभा म्हणते, देवांनासुद्धा मी इतक्या निगुतीने आंघोळ घातली नव्हती.

त्यातलं एक यंत्र तुमच्यासाठी आहे. फुप्फुसांचा जोर मोजायला डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं तेव्हा काय आकडा आला ते ताईने सांगितलंय. दिवसाला पंधरा सिगारेटी आता पुरे. आणि तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलीत, तर बॅटऱ्या वर्षभर कशा टिकवायच्या तेही कळवा.

रागवायचं तर रागवा, पण लोभात काटछाट नको.

आपला,
चंद्रहास


नाशिक रोड
४ जुलै २०१९

चि. चंद्रहास यास राजीवचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझा स्टॉक वाचून आमच्या डेपोचे स्टोअरकीपर आठवले. तेही असेच, मागितलेला नट देताना डोळ्यांत पाणी आणायचे.

बॅटरीचे सांगतो. पूर्ण भरून ठेवू नकोस, पूर्ण रिकामीही नको, निम्मी भर. थंड, कोरड्या जागी, प्रत्येक वेगळ्या डबीत. किल्ल्यांबरोबर खिशात टाकलीस तर एक दिवस पँट पेटेल. वेष्टण फाटलेली दिसली की ती बाद. रबराच्या कड्या द्रवाने फुगतात, फुगलेली परत बसवू नये. आणि प्रत्येक वस्तूवर तारीख लिही.

माझ्यासाठी यंत्र नको. धूर सोडून वाफ ओढायची म्हणजे डिझेलची गाडी विकून रॉकेलची घेणे. माझे पंधराचे आता बारा झाले आहेत. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ओढतो, ते तुझ्या ताईला कळवू नकोस.

विभाला व आर्याला आशीर्वाद. घरच्यासारखा टोकत राहा.

राजीव

ता. क. पाकिटावर पत्ता मी लिहिते, त्यामुळे पत्रही मीच वाचते. टाकीमागचं मला मार्चपासून माहीत आहे. बारा नाहीत, चौदा आहेत. थोटकं मोजलीत. – स्नेहलता


फुनाबोरी
२२ सप्टेंबर २०१९

तीर्थस्वरूप भावोजींना सा. न. वि. वि.

झालं. बुधवारी बातमी आली. ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, सगळंच बंद. माझी यंत्रं आता विमानातून नेता येणार नाहीत. प्रत्येक डबीवर तारीख आहे, प्रत्येक बॅटरी निम्मी भरलेली आहे, आणि त्यांचं करायचं काय ते मला कळत नाही.

खरं सांगतो, बातमी वाचल्यावर पहिला विचार हाच आला, की मुंबईत उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पानटपरीवर उभा असेन. आर्याला वाटलं यंत्रं वाया गेली म्हणून मी उदास आहे. तिने विचारलं, बाबा, इतके महिने हे सगळं जमवलंस, तेवढ्यात सुटलं नसतं का? या वेळी मराठीत विचारलं.

हे पत्र ताईने वाचलं तरी चालेल.

आपला,
चंद्रहास


नाशिक रोड
१ ऑक्टोबर २०१९

चि. चंदूस आशीर्वाद.

तू उदास झालास की चंद्रहासचा चंदू होतोस, म्हणून तसे लिहिले.

तुझे पत्र तीनदा वाचले. काल पुन्हा त्या नळीत फुंकून आलो. आकडा जूनपेक्षा खाली आहे. डॉक्टर बाई तरुण आहेत, ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, काका, यातलं गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. गाडीच्या इंजिनाबद्दल मी हेच वाक्य शंभर जणांना सांगितले असेल.

तर पैज. तू वाफ सोड, मी धूर सोडतो. तू जानेवारीत येईपर्यंत जो आधी पूर्ण सुटेल त्याने दुसऱ्याला जन्मभर हिणवावे. खोटे लिहायचे नाही. इकडे पंच तुझी ताई आहे, त्यामुळे मला लबाडीला वावच नाही. तुझ्याकडे पंच म्हणून आर्याला नेम.

आजचा सिगारेटींचा आकडा नऊ.

राजीव


फुनाबोरी
१७ नोव्हेंबर २०१९

तीर्थस्वरूप भावोजींना व सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर मुद्दाम लिहिलं नाही. खात्री व्हायची होती.

पैज मान्य करून मी द्रवातल्या निकोटीनचं प्रमाण निम्मं केलं होतं, पण घसरत होतो. कमी कडक म्हणून दुप्पट ओढत होतो. मग १२ ऑक्टोबरला वादळ आलं. नदी फुगणार म्हणून आमच्या भागाला घर सोडायला सांगितलं. भर दुपारी दारातली पिशवी उचलून आम्ही शाळेच्या जिममध्ये गेलो. जमिनीवर निळ्या चटया, शेकडो माणसं, आणि आवाज जवळपास नाहीच. तासाभराने मी पिशवीत हात घातला. यंत्र नव्हतं. आर्याने ते काढून तिथे पाण्याची बाटली ठेवली होती.

मी तिच्यावर ओरडलो, भावोजी. त्या शांत जिममध्ये, सगळ्यांसमोर. तिने मान खाली घातली नाही. म्हणाली, पाणी तिघांना लागतं, ते तुला एकट्याला. शेजारच्या आजींना मराठी कळलं नसणार, तरी त्यांनी तिच्या हातात एक संत्रं ठेवलं.

पुढचे अठरा तास वाईट गेले. घाम, डोकं ठणकणं, आणि मुलीशी नजर न मिळवता बसणं. शेवटी उठलो आणि चटया पसरायला, पाण्याची खोकी वाहायला लागलो. आर्या दुसऱ्या टोकाला येऊन खोकं धरू लागली. सकाळी पाणी न चढता नदी उतरली. घरी आलो तेव्हा कपाट जागच्या जागी होतं. मी ते उघडलं नाही. तिची माफी मागितली, आणि कपाटाची किल्ली तिला दिली.

आज छत्तीस दिवस झाले. मध्ये एकदा ऑफिसात फार वाईट दिवस गेला, तेव्हा स्टेशनसमोरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, सिगारेटसाठी रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर कॉफी मागितली.

ऑफिसातले मोरिता-सान तीस वर्षं सिगारेट ओढतात, आणि ती सोडायची म्हणून कधीपासून वेपबद्दल विचारत होते. न उघडलेली यंत्रं आणि कॉइली त्यांना दिल्या. सोबत तुमच्या सूचना जपानीत करून. अक्षर आर्याचं. वापरलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून आम्ही दोघं त्या दुकानातल्या गोळा करायच्या डब्यात टाकून आलो. कप्प्यात आता गाद्या आहेत.

तुमचा आकडा कळवा. पंचांच्या सहीने.

जिंकलेला तरी तुमचाच,
चंद्रहास


नाशिक रोड
९ जानेवारी २०२०

चि. चंद्रहास, सौ. विभा व चि. आर्या यांना ताईचे आशीर्वाद.

या वेळी पत्र मी लिहितेय. ह्यांना स्वतःबद्दल चांगलं लिहिता येत नाही.

पैज तू जिंकलास. दोनावर आलेले हे दिवाळीत घसरले. भाऊबीजेला चार ओढल्या, आणि स्वतः येऊन मला सांगितलं. ३ नोव्हेंबरला शेवटची. त्यानंतर एकही नाही. गच्ची मी रोज झाडते, मला माहीत आहे. पहिले पंधरा दिवस घरात कोणाची धडगत नव्हती. मिक्सर दोनदा उघडून दुरुस्त केला, बिघडलेला नसताना.

आता खरी बातमी. परवा सकाळी चौथ्या मजल्यावरच्या सुचेताला कळा सुरू झाल्या. नवरा नोकरीला चंद्रपूरला. लिफ्ट आठवडाभर बंद. रुग्णवाहिका खाली उभी, आणि तिला पायरी उतरवेना. ह्यांनी आमची हाताची खुर्ची घेतली, तिला चादरीने बांधलं, पुढची बाजू रुग्णवाहिकेच्या माणसाने धरली, मागची ह्यांनी. चार मजले. प्रत्येक वळणावर डेपोत गाडी मागे घेताना ओरडायचे तसे ओरडत होते, डावीकडे घे, अजून घे, बस. कळा सोसतासोसता ती पोरगी हसायला लागली.

खाली पोचल्यावर कळलं, तिच्या तपासण्यांची फाइल वरच राहिली. मी जाते म्हणेपर्यंत हे निघालेसुद्धा. चार मजले चढून गेले, चंद्रहास. तिसऱ्यावर एकदा थांबले, मी खालून मोजत होते. मग पुन्हा पावलं वाजली. फाइल घेऊन उतरले तेव्हा घामाने भिजले होते, पण उभे होते, आणि मला विचारलं, किती वेळ लागला गं?

ह्या माणसाला जूनमध्ये मी मनातल्या मनात निरोप देत होते. हे कोणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

काल हे नळीत फुंकून आले. आकडा मागच्या वेळेपेक्षा वर आहे. थोडासाच, पण वर. डॉक्टर बाईंनी कागदावर त्याच्याभोवती गोल काढून दिला.

सुचेताला मुलगी झाली, तीन किलोची. नवरा रात्रभर प्रवास करून आला आणि ह्यांच्या पाया पडायला वाकला. हे म्हणाले, पाया राहू दे, पेढे कुठायत? पाच खाल्ले. मी फक्त मोजले.

आमची आठवण धरून लवकर या.

तुझी,
ताई