आबांना पाजलेलं पाणी

सोलापूर,
रविवार, ता. २१ एप्रिल १९७४

ती. कुंडलिकदादास,
धाकट्या प्रेमलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड परवा पोचलं. रुक्मिणीवहिनीची कंबर आता बरी आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. इथं माझं ठीक चाललंय. शाळेत चौथीचे पेपर तपासून झाले. ऊन मात्र मी म्हणतंय. खोलीवरचे पत्रे तापले की दुपारी डोकं उठतं. वहिनीच्या कुरडया संपल्या. मागायचं म्हणून लिहीत नाही, पण संपल्या.

आबांच्या वर्षश्राद्धाला मंद्रूपच्या बाजारातली त्यांची पाणपोई पुन्हा सुरू करायची, हे तू चांगलं ठरवलंस. बाजाराच्या दिवशी घरचं काम टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत बसायचे. आई होती तेव्हा किती बोलायची त्यांना. तू लिहितोस, पहिला तांब्या प्रेमलानंच ओतायचा, कारण आबांच्या तोंडात शेवटचं पाणी तिनं घातलं. एवढी ओळ वाचून दोन दिवस मी उत्तर लिहायला बसतेय आणि उठतेय. आज आधी कुरडयांचं लिहून घेतलं.

दादा, मी आबांना पाणी दिलं नव्हतं.

इथल्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते पाणी मागत होते. पोटाला टाके होते. डॉक्टर सांगतील तोवर थेंबही द्यायचा नाही, असं तिथल्या नर्स हेमावती सिस्टरनी बजावलं होतं. मी कशी आहे ते तुला माहीत आहे. घरात शिकलेली मी एकटी, नियम म्हणजे नियम. ओला बोळा त्यांच्या ओठांवरून फिरवायची. ते चोखायला बघायचे, की काढून घ्यायची. "पोरी, घोटभर दे की," म्हणाले. "साऱ्या बाजाराला पाजलं मी." मी त्यांना लहान पोराला दटावावं तसं दटावलं.

दुपारी त्यांचा श्वास बदलला. वहिनीनं तुळस घालून दिलेला गंगाजळाचा गडू खाटेखाली होता. पण तो बाहेर काढला असता तर आबांना कळलं असतं. मलाही कळलं असतं. शेवटचं पाणी काढणं म्हणजे आपणच त्यांना जा म्हणणं, असं वाटलं आणि हात खाली गेलाच नाही. सिस्टरना हाक मारायला दारापर्यंत गेले. परत आले तेव्हा आबा गेले होते.

तू एस्टीनं येईपर्यंत मी तो गडू मोरीत ओतून रिकामा केला. तू आल्या आल्या विचारलंस, "पाणी घातलंस न्हवं?" मी मान हलवली. तू माझ्या पायाशी बसून रडलास. "लई मोठं काम केलंस, पोरी," म्हणालास. वर्षभर मी ते मोठं काम घेऊन फिरतेय.

दिवाळीनंतर मी हेमावती सिस्टरकडे गेले, ते भांडायलाच. एका घोटानं काय बिघडलं असतं, विचारलं. त्यांनी सारवासारव केली नाही. टाक्यांवर पाणी चाललं नसतं, पण ते जाणार हे कळलं असतं तर मीच पाजलं असतं, म्हणाल्या, आणि माझ्याबरोबर रडल्या. त्या ख्रिस्ती आहेत. त्यांच्यामागून मी चर्चमध्ये जाऊ लागले, शेवटच्या बाकावर बसू लागले. मला कुणी ओढून नेलं नाही, एवढं माझं ऐक.

गेल्या आठवड्यात, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिथं येशूच्या मरणाची हकीकत वाचली. क्रुसावर त्याला तहान लागली होती, दादा. मरताना त्यानं तसं बोलून दाखवलं, तर शिपायांनी आंबलेला द्राक्षारस त्याच्या ओठांना लावला. मी पुढच्या बाकाची पाठ धरून हुंदके देत राहिले. आबांसारखा कोरड्या तोंडानं गेलेला देव मला पहिल्यांदाच भेटला. तिसऱ्या दिवशी तो उठला, असं ही माणसं मानतात. आता मीही मानते. तहान म्हणजे काय ते त्याला माहीत आहे, तेव्हा त्यानं आबांना तसंच ठेवलं नसेल, एवढ्यावर मी सध्या उभी आहे. दुःख गेलेलं नाही. पेला उचलला की अजून त्यांचे ओठ दिसतात. पण आता निदान पाणी पिते.

जूनमध्ये मी बाप्तिस्मा घेणार आहे. तिथले पाळक म्हणाले, आधी घरी सांगा, चोरून काही नको. मग आबांचं तेवढं चोरून कसं ठेवू? म्हणून दोन्ही एकदम लिहिते.

भावकी काय बोलेल ते ठाऊक आहे. त्याची भीती आहेच, पण तुझी जास्त आहे. आबा तृप्त गेले, या एका समाधानावर तू वर्ष काढलंस आणि मी तेच काढून घेतेय. मला क्षमा कर. आज जमणार नाही, जमेल तेव्हा कर.

श्राद्धाच्या दिवशी सकाळच्या एस्टीनं येईन. पहिला तांब्या वहिनीला ओतू दे. घरात घ्यावंसं वाटलं नाही तर घेऊ नकोस, मी पाणपोईच्या रांगेत उभी राहीन. आबांनी तिथून कुणालाच तहानलेलं परत पाठवलं नाही. तूही मला पाठवणार नाहीस, अशी आशा धरते.

आबांची, आणि तू म्हणशील तर तुझीही,
प्रेमला