वजनाखालचा नंबर

दि. ६ मार्च

चि. भाचीबाईस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन बंद करून बटणांच्या डब्यात ठेवलाय, म्हणून हे पत्र.

परवा कापड कापायची मोठी कात्री ऑनलाइन मागवली. दुसऱ्या दिवशी एका गोडबोल्याचा फोन आला, की ओळख पटल्याशिवाय पार्सल निघणार नाही, ओळखपत्राचा फोटो पाठवा. मी शहाणी, पाठवला की! नीट आलाय का बघ म्हणून तुलाही धाडला होता. मग तो ओटीपी मागू लागला. तेवढ्यात फिटिंगला आलेल्या बाईंनी खूण करून फोन बंद करायला लावला. माझ्या नावावर कोण काय उद्योग करेल, देव जाणे.

तुझ्या दादाला कळवू नकोस. पुन्हा घोळ घातलास तर फोन काढून घेईन, असं त्याने आईला, म्हणजे मला, बजावलंय. अगं, गुडघ्यांपायी माझा बाजार सुटला. दोरा, चेन, अस्तर सगळं फोनवरच मागवते. तो गेला तर शिवणकामच बंद.

रागाव हवं तर, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझी मावशी

दि. ९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. आधी घाबरले. मग तुझा फोटो मोठा करून पाहिला आणि ऑफिसात एकटीच हसत सुटले. कार्ड वाकलेलं, म्हणून कागदी पॅटर्नवर ठेवतेस तशी लोखंडी वजनं तू त्याच्यावर ठेवलीस! नंबर एका वजनाखाली, जन्मतारीख दुसऱ्याखाली. भामट्याला मिळालं काय, तर तुझं नाव आणि रुसलेला चेहरा.

कंपनीला फोन केला. ती असं काही मागत नाही, आणि कात्री निघालीये. तुझ्या ऑर्डरची खबर त्याला कुठून लागली, याचा जाबही विचारलाय. तू पासवर्ड बदल, बँकेला कळव. आणि दादाला तूच सांग. दुसऱ्याकडून कळलं तर तो जास्त चिडेल.

माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझी भाची

दि. १४ मार्च

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. फोन पुन्हा सुरू करून बँक, पासवर्ड सगळं उरकलं. दादालाही सांगितलं. कामावरून तडक आला आणि दारातूनच फोनसाठी हात पुढे केला.

तोच फोन वाजला. पुन्हा तोच गोडबोल्या! नंबर दिसत नाही, दुसरा फोटो पाठवा, म्हणून माझ्यावरच डाफरला. मी म्हटलं, "आधी तुमचं ओळखपत्र पाठवा, पुढून-मागून. मग बघू." त्याने फोनच आपटला.

दादा बघतच राहिला. मग त्याने फोन माझ्या हातातून घेतला तेव्हा मला रडूच फुटणार होतं. त्याने किती चार्ज उरलाय ते पाहिलं, आणि फोन मशीनशेजारी चार्जिंगला लावून घरी गेला.

आपली माया अशीच राहो.
तुझी मावशी