टॉवेल पांघरलेला पियानो

चि. सौ. भाचीबाईंस मामाचे अनेक आशीर्वाद. तुझा सर्दी-खोकला गेला का? जावईबापूंना नव्या नोकरीत लवकर घरी सोडतात ना?

इकडे तब्येत ठणठणीत, पण माणसांनी वीट आणलाय. त्या संगीतशाळेचा पियानो मी पावसाळ्यात सुरात लावून दिला होता. गेल्या महिन्यात शाळा चालवणाऱ्या बाईंचा फोन, "सूर उतरलाय!" गेलो. बाईंचे यजमान (निवृत्त इंजिनीअर, पूल बांधायचे, देव त्या पुलांवरून जाणाऱ्यांचं भलं करो) कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "चार महिन्यांत बेसूर? आमचा फ्रीज दहा वर्षं चालतोय!" ज्याला फ्रीज आणि पियानो सारखेच वाटतात, त्याला काय समजावणार? तरी समजावलं. दमट हवेत आतली लाकडी पाटी फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. हवा कोरडी पडली की पाटी आक्रसते, सूर उतरतो. (तुला हे शिकवलं तेव्हा एका दमात कळलं होतं.) पियानो खिडकीपासून हलवा, खोलीतली हवा फार कोरडी होऊ देऊ नका, असं सांगून सूर पुन्हा लावून दिले.

यजमानांच्या डोक्यात त्यातलं 'कोरडी होऊ देऊ नका' एवढंच शिरलं. शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी या गृहस्थाने चार ओले टॉवेल थेट तारांवर पसरले, झाकण लावलं आणि निवांत नाश्ता केला! बाईंनी घाईने बोलावलं, मी पोचलो तेव्हा पट्ट्या फुगून अडकलेल्या. एक दाबली की शेजारणीला घेऊन खाली जायची. चाळीस जणी गाणार, बाई रडकुंडीला आलेल्या, आणि हे मलाच म्हणतात, "ओलावा तुम्हीच सांगितलात!" त्यांना खोलीबाहेर काढलं, पंखे लावले, एकेक पट्टी उचकटून वाळवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सव्वादोनशे तारा नव्याने जुळवल्या.

कार्यक्रम रंगला. शेवटी यजमानांनी मंचावर जाऊन जाहीर केलं, की पियानोची निगा ते जातीने राखतात. त्यावर टाळ्या! मी मागच्या रांगेत दातओठ खात बसलो.

तुझा,
मामा

ता. क. निघताना एक गायिका हळूच म्हणाली, "काका, अगदी वरचे सूर जरा हललेले वाटले." मी तिला हवेचं कारण सांगितलं.

आणखी एक. हवा नव्हे गं. वरच्या सुरांच्या शेवटच्या दहा-बारा पट्ट्या मला गेलं वर्षभर नीट ऐकूच येत नाहीत, अंदाजाने लावतो. येत्या आठवड्यात येशील? बाईंना सांगेन, भाची सहज भेटायला आलीय. तू शेजारी बसून ऐक, सूर जुळला की नुसती मान हलव. तारांची किल्ली मी फिरवीन.