फोफावलेला पालक

तीर्थरूप आईस, थोरलीचा वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. माझ्या धाकटीचे जुलाब थांबले, काल तिने स्वतःहून भात मागितला.

मागे मी ज्या पालकाचं कौतुक कळवलं होतं, तो सगळा उपटून टाकला. इथली माती चिकण, पाणी मुरूच देत नाही. संडासाच्या टाकीचं पाणी शोषखड्ड्यातून वर येऊन थेट अंगणातल्या वाफ्यात पसरत होतं. म्हणून पालक तसा फोफावला होता, आणि मी तोच खुडून लेकीला भरवत होते. तू म्हणशील, "हिरवं दिसलं की हिला भूल पडते!" म्हण.

हे म्हणतात, "मातीच तशी, तुझा काय दोष?" आता गवंडी चढावरच्या मुरमाड जागेत नवा खड्डा खणतोय. न्हाणीच्या भिंतीला बारीक तडा दिसतो, पण तो जुनाच असावा.

बाबांचं नाजूक पोट आता कसं आहे? तिकिटं काढली असतील तर रद्द करा. इतक्यात येऊ नका.

धाकटी विचारते, "आजी कधी येणार?" मी म्हटलं, अंगण सुकलं की. तेव्हापासून ती अंगण बघायला सारखी दाराशी जाते, आणि मला कडी काढायचा धीर होत नाही.

सर्वांना जपून राहायला सांग.

तुझी,
थोरली