मधला चेंडू

कुंभकोणम

प्रिय जयकुमार,

गुडघा फणसाएवढा सुजला होता. कळवणार नव्हतो, पण आमच्या हिनं वहिनींना फोन केलाच असेल, आणि त्यांच्या तोंडून ऐकलंस तर तू थेट दहाव्याच्या तयारीनं येशील.

बॉल बॅडमिंटनचा सामना होता, आडुतुरै गावच्या जोडीशी. तुझ्या जागी हल्ली बँकेतला स्वामीनाथ खेळतो. इतका सज्जन, की चेंडूला मारण्याआधी त्याची परवानगी घेईल. लोकरी चेंडू आमच्या मधोमध आला आणि मी सवयीनं ओरडलो, सोड, मी घेतो. मराठीत. समोरच्यांना बेत कळू नये म्हणून तू न् मी जन्मभर मैदानावर घरचंच बोललो ना? स्वामीनाथलाही बेत कळला नाही. तो धावला, त्याला चुकवायला मी वळलो. पाऊल मातीत रुतून राहिलं, गुडघा मात्र फिरला. आत कडकन वाजलं.

अर्ध्या गल्लीनं तेलात भिजवलेल्या पट्टीचा कट्टु बांधून घ्यायला सांगितलं, उरलेल्या अर्धीनं माझं वय सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आतला अस्थिबंध तुटलाय. आता सूज उतरलीय, सरळ चालतो. वळलो की गुडघा दगा देतो. मांडीही वाळत चाललीय.

तुझा खांदा आठवतो. हात वर जाईना, तेव्हा सदरा मी चढवायचो आणि शिव्याही मीच खायचो. मुलाकडे पुण्याला जाऊन उपचार करून येतो म्हणालास. खांदा केव्हाच बरा झाला, हे वहिनींनी सांगितलं, तू नाही. आपलं इकडचं जुनं मराठी ऐकून तिथले हसतात म्हणून तू तिथल्यासारखं बोलू लागलास. फोनवर मला बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. हसू देत रे त्यांना. इथे तर हसण्यापुरतंही कुणाला कळत नाही.

काल डॉक्टरांनी विचारलं, पुन्हा खेळणार का? खेळायचं तर शस्त्रक्रिया, मग महिनोन्महिने व्यायाम. नसेल तर नुसत्या व्यायामावर भागेल. बाजार, देऊळ, तळ्याचा काठ, सगळे रस्ते सरळच आहेत. स्वामीनाथ म्हणतो, अण्णा, तमिळमध्ये ओरडा, मी सांभाळून घेईन. घेईलही. पण मी डॉक्टरांना म्हटलं, घरी विचारून सांगतो. म्हणून हे पत्र. येणार असशील तर गुडघा कापून घेतो. नसशील, तर आहे तो पुरे.

तुझ्या डाव्या हाताला उभा असलेला,
तुझाच
अनंतकृष्ण