हक्कसोडीचा कागद

इस्लामपूर,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९७५

तीर्थस्वरूप दादांना राहीचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही चौघं बरी आहोत. कारखान्याचा हंगाम जोरात असल्यानं हे घरात पाहुण्यासारखे येतात नि जातात. थोरली सहामाहीत पहिली आली. धाकटीचा गोवर उतरला, आता नुसता हट्ट उरला आहे. शालूवहिनी कशी आहे? बाळाचं नाव काय ठेवलंत ते गुंडाला विचारलं, तर त्याला आठवेना. सातव्या पोराच्या नशिबी चुलत्याची आठवण एवढीच यायची! रागावू नका, थट्टा केली.

बारशाला आले नाही, त्याला गोवराचं कारण कळवलं होतं. ते निम्मंच खरं. उरलेलं निम्मं लिहायला बसले आहे, म्हणून मुद्दाम पाकीट आणलं. कार्ड टाकलं असतं तर तुमच्या आधी चावडीनं वाचलं असतं.

आधी कामाचं. गुंडा गुरुवारी लुगडं घेऊन आला, आणि लुगड्याच्या घडीत कागद. म्हणाला, "आक्के, हितं सही कर. आबांचं रान आमा चौघांच्या नावावर चढवून वाटण्या करायच्यात. सतरा तारखेला कराडला जायचं हाय." म्हटलं, वाचू तर दे. तर म्हणतो, "वाचायचं काय त्यात? समद्याच भैनी करत्यात." मी सातवी पास आहे, वाचलं. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क मी राजीखुशीनं सोडते असं लिहिलंय. माझी खुशी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

दादा, मी सही केली नाही. कागद सहीवाचून तसाच या पाकिटात घालते आहे. लुगडंही गुंडाबरोबर परत दिलं. ते वहिनीला नेसवा, तिला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे.

राही हावरट झाली, जावयानं कान भरले, असं तुम्ही म्हणणार. यांना तर मी सांगितलंसुद्धा शुक्रवारी. मला उसाची मोळी घरी न्यायची नाही. मला एवढंच हवं आहे की रानात बांध पडू नयेत.

चुलत्यांच्या रानाचं काय झालं ते तुम्ही रोज बघता. आजोबांचं अठ्ठावीस एकर. चौघा भावांत सात-सात आलं, तोवर ठीक होतं. मग चुलत्यांच्या पोरांनी वाटण्या केल्या, त्याही आपल्या रीतीनं. कुणावर अन्याय नको, म्हणून प्रत्येकाला विहिरीकडचं काळं रानही पाहिजे आणि वरचा माळही. झालं! रान उभं चिरलं. एकेक पट्टी पंधरा-सोळा हात रुंद आणि माळापर्यंत लांब. उभं औत चालतं, पण आडवा कुळव घालायचा म्हटलं की चार पावलांत बैल भावाच्या शाळूत. चुलत्याच्या बाळासोचं डोकं फुटलं ते कशानं? बैल वळताना दोन ताटं मोडली म्हणून. दोन ताटं आणि सात टाके! विहिरीच्या पाण्याचा वारही आता एकोणिसाव्या दिवशी येतो. एकोणीस दिवस तहानलेला ऊस मुळापासनं वाळणार नाही तर काय करणार? सगळ्यांना सारखं मिळालं, आणि कुणालाच काही मिळालं नाही.

आता आपले सात एकर. चौघांत वाटले तर सत्तर-सत्तर गुंठे. तुमच्या सत्तरात उद्या तुमचे पाच मुलगे. चौदा गुंठे, दादा. आबांच्या वेळचं खळं आणि गोठा धरला तरी तेवढी जागा होती. त्या पोरांनी चौदा गुंठ्यांवर काय पिकवायचं, भांडण?

तुम्ही गुंडाबरोबर निरोप धाडला होता, "तिला पोरगा न्हाई, तिला रान कशाला? खंडोबा देईल तवा बघू." तो निरोप ऐकून मी चुलीपाशी जाऊन बसले. चहा उतू गेला तरी उठले नाही.

खंडोबा देणार नाही, दादा. आम्हीच त्याला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. धाकटी वर्षाची झाली तेव्हा यांनी ऑपरेशन करून घेतलं. होय, यांनी. आठव्या दिवशी सायकल मारत ड्यूटीवर गेले. गावात म्हणतात तसा माणूस खच्ची होत नाही. होत असता तर यांचा आवाज थोडा तरी कमी झाला असता.

हे मी चार वर्षं लपवलं. आई दर रविवारी अनवाणी पालीच्या खंडोबाला जाऊन माझ्यासाठी मुलगा मागत होती. माहेरी आले की तिच्या टाचांच्या भेगांत मी मेण भरायची आणि गप्प बसायची. जावयाला गावानं हसू नये म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. आई गेली, ती मागता-मागताच गेली.

पण त्याहून वाईट पुढं आहे. ते सांगायचं टाळत इतकं लिहिलं.

आईच्या तेराव्याला वहिनी आणि मी ओढ्यावर धुणं धूत होतो. वहिनीला उठताना दगडाचा आधार घ्यावा लागत होता. ओठ पांढरे. तिनं इकडं-तिकडं बघितलं आणि मला विचारलं, "वन्सं, खरं सांगा, तुमी कसं थांबवलं? मला बी सांगा. आता माज्यानं व्हत न्हाई." तिनं ओळखलं होतं. आणि मी काय म्हणाले? "देवाची इच्छा, वहिनी." एवढं म्हणून मी पिळे उचलले आणि घराकडं चालू लागले.

त्यानंतर दीड वर्षानं हे सातवं बाळ. दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा वहिनी वाचली, हे मला गुंडाकडून कळलं. बारशाला कोणत्या तोंडानं येणार होते? पाळण्याची दोरी कशी धरणार होते? त्या बाळावर माझा राग नाही, दादा. ते आलंय, त्याला शंभर वर्षं आयुष्य मिळो. पण त्याची आई माझ्याकडं हात पसरून उभी होती, आणि मला ठाऊक असलेलं मी तिला दिलं नाही.

आता गप्प बसणार नाही. इथल्या वकिलांना विचारून आले. राजीखुशीची वाटणी पाचांच्या सह्यांशिवाय होत नाही, आणि कोर्टात गेलात तर दहा वर्षं घालवाल. माझी सही मिळणार नाही. रान एकत्र राहू दे. नांगर एक, विहीर एक. सयाजी पलटणीत आहे, नानासो मुंबईला. तुम्ही आणि गुंडा कसता, तर कसणाऱ्याचा वाटा आधी काढा, उरेल ते पाचांत करा. माझ्या वाट्याचं येईल ते तुमच्या पोरांच्या शिक्षणाला लावा. चौदा गुंठ्यांवर पाच जण बसवण्यापेक्षा दोघं-तिघं शिकून बाहेर पडू देत. बघा पटतंय का. पटलं नाही तरी मी हलणार नाही.

दुसरं, हे पत्र वहिनीला वाचून दाखवा. सगळं, ओढ्याचंही. मग तिला विचारा, तिला काय हवं ते. ऑपरेशन कोणी करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. माझं मत विचाराल तर ज्याच्या अंगात रक्त आहे त्यानं करावं. यांना तुम्हाला भेटायला उंब्रजला पाठवते. तुम्हाला काय विचारायचं ते गड्या-गड्यांत विचारा, मी मध्ये येत नाही.

जाताना गुंडानं बजावलं, "सही न्हाई केलीस तर म्हायार तुटलं म्हणून समज. दादानं सांगितलंय." गाडी सुटेपर्यंत बिचारा माझ्याकडं बघत नव्हता. दादा, मला माहेर हवं आहे. दिवाळीला तुमच्या डोक्याला तेल लावायला मिळणार नाही या विचारानं दोन दिवस जेवण गेलं नाही. हे मी रडून सांगत नाही, हिशेब करून सांगते: मी तेही सोडायला तयार आहे, सही करायला नाही.

सोळा तारखेला दुपारच्या एस.टी.नं दोन्ही पोरींना घेऊन येते. पत्र वाचून दाखवलं नसेल तर मीच वहिनीपाशी बसून वाचीन. दार लावून घेतलंत तर रानात जाऊन बसेन. घर तुमचं आहे, पण रानावर माझा हक्क आहे, आणि तिथून मला उठवायला पाच सह्या लागतात.

तुमची पाचवी वाटेकरी,
आणि तुम्ही म्हणालात तर बहीणही,

राही